वाचक विचारतात : अ‍ॅगमेम्नॉनची बुद्धी कोणी फिरवली?

गेल्या अंकात रागाविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना ई. आर. डॉड्स या ग्रीकच्या प्राध्यापकांचं नाव मी ओझरतं घेतलं होतं. ‘स्वतःच्या वेडेपणाचं खापर देवावर फोडणारा अ‍ॅगमेम्नॉन मला डॉड्सनी समजावला’, एवढं एकच वाक्य. (अ‍ॅगमेम्नॉन म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती राजा.) त्यावर इतकी पत्रं आली, की झोपेच्या तक्रारी आणि मुलांचे मोबाइल यांना या वेळी रजा. तीन पत्रं घेते आहे.

प्रश्न : बाई, मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. ‘इडिपस गंड’ (मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर) पाठ करून पाच गुणांना लिहिला. मग सुट्टीत ज्यावरून ते नाव आलं त्या सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकाचा मराठी अनुवाद वाचला आणि गोंधळले. इडिपसला आईविषयी तसं काही वाटतंय, असं त्यात कुठेच दिसलं नाही. मी नीट वाचलं नाही की पुस्तक चुकलंय? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तू अगदी नीट वाचलंस. इडिपस वाढला कॉरिंथमध्ये. पॉलिबस आणि मेरोपी हेच आपले आईबाप, असं तो धरून चाललेला. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं डेल्फीच्या देवळातल्या देववाणीतून कळल्यावर तो कॉरिंथची वाटच सोडतो. जोकास्टा, म्हणजे त्याची खरी आई, त्याला मिळते ती स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवल्याचं बक्षीस म्हणून, राज्याबरोबर राणी. तिच्यासाठी तो झुरत वगैरे मुळीच नव्हता. झाँ-पिएर व्हर्नां या फ्रेंच अभ्यासकानं १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला : गंड असलाच, तर तो जिच्या मांडीवर वाढला त्या मेरोपीविषयी असायला हवा!

हा गंड मांडणाऱ्या फ्रॉइडचं म्हणणं वेगळं होतं. १८९९ मध्ये निघालेल्या (आणि १९०० साल छापलेल्या) स्वप्नांवरच्या पुस्तकात तो बोलतो ते प्रेक्षकाबद्दल. हे नाटक आपल्याला आतून हलवतं, कारण ती इच्छा कधीतरी आपलीही होती, असा त्याचा दावा. पुराव्याला त्यानं जोकास्टाचंच वाक्य घेतलं : स्वप्नात आईशी संग केलेले पुरुष पुष्कळ आहेत, अशा गोष्टी मनावर न घेणाराच सुखानं जगतो. म्हणजे स्वप्न ग्रीकांना ठाऊक होतं. प्लेटोही सांगतो, की झोपेत मनातला रानटी भाग सुटतो आणि त्याला आईचीही लाज राहत नाही. पण सोफोक्लिसचं नाटक त्या स्वप्नावर उभं नाही, एवढंच.

डॉड्सना फ्रॉइडचं वावडं नव्हतं. तो कुठे लावायचा याचं मात्र त्यांना भान होतं. क्रोनस या देवानं बाप युरेनसचं लिंग विळ्यानं कापलं, या कथेत ते फ्रॉइडला खुशाल बोलावतात. जुन्या ग्रीक घरात बाप म्हणजे राजा. तान्हं मूल टाकून द्यायचा, वाढलेल्या मुलाला हाकलायचा त्याला अधिकार. राजा थीसियस आपल्या मुलाला, हिपोलिटसला घालवतो, आईची बाजू घेतली म्हणून देवांचा राजा झ्यूस आपल्या मुलाला, हेफेस्टसला ऑलिंपस या देवांच्या डोंगरावरून फेकतो. अशा घरातल्या मुलांच्या मनात जे उघड बोलता येत नव्हतं, ते क्रोनसच्या हातात विळा होऊन आलं. प्लेटो तर म्हणतो, की ही गोष्ट लहानांच्या कानावर पडूच नये. सांगायचीच झाली तर मोजक्या लोकांना, गुपचूप, आणि आधी बळी द्यायला लावून. तोही नेहमीच्या डुकराचा नको, सहजी न मिळणाऱ्या मोठ्या जनावराचा, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील. प्लेटोला विनोद जमत नाही असं कोण म्हणतं?

डॉड्सनी १९६६ मध्ये इडिपसच्या नाटकावर एक लेख लिहिला. निमित्त होतं विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचं. कितीतरी मुलांनी ‘इडिपसचं काय चुकलं’ तेच शोधलं होतं. डॉड्स म्हणतात, काही चुकलं नव्हतं. आपण मारला तो बाप आणि वरली ती आई, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि तरी, सत्य कळून स्वतःचे डोळे फोडून घेतल्यावर तो काय म्हणतो बघ : हे सारं अपोलो देवानं आणलं, पण घाव घातला तो माझ्याच हातानं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढच्या पत्राला लागेल. परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तेच लिही. पाच गुण कशाला घालवतेस?

प्रश्न : मॅडम, गेल्या अंकातलं तुमचं ते वाक्य मला रुचलं नाही. माझ्या धाकट्या भावानं आमच्या सामाईक बागेतली चौदा कलमं मला न विचारता तोडून लाकूड विकलं. जाब विचारला तर म्हणतो, “दादा, बुद्धी फिरली माझी. देवानंच तशी बुद्धी दिली.” तुमचा अ‍ॅगमेम्नॉन याहून वेगळा काय? हा शुद्ध पळपुटेपणा नाही का? (नाव छापू नये, चिपळूण)

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. म्हणूनच हा प्रसंग होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात आहे तसा सांगते.

ट्रॉयला वेढा घालून बसलेल्या ग्रीकांच्या छावणीत अ‍ॅगमेम्नॉननं आपलाच सर्वांत शूर योद्धा अकिलीस याच्याकडून ब्रिसेइस ही बंदिवान बाई भर सभेत सांगून हिसकावून घेतली. अकिलीस रुसून तंबूत बसला, सैन्याची दाणादाण उडाली, त्याचा जिवलग पॅट्रोक्लस मारला गेला. मग एकोणिसाव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन सगळ्यांसमोर म्हणतो : दोषी मी नाही. झ्यूस, नियती आणि अंधारात वावरणारी एरिनिस ही सूडदेवता यांनी त्या दिवशी माझ्या मनात रानटी ‘आते’ घातली. (ही आते म्हणजे आतेबहिणीतली नव्हे. डोळ्यांवर झापड यावी तशी बुद्धीवर येणारी झापड. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतो ना आपण, तीच.) तो पुढे असंही सांगतो, की हिनं खुद्द झ्यूसलाही एकदा फसवलं होतं आणि झ्यूसनं तिला केसांना धरून ऑलिंपसवरून भिरकावलं होतं.

इथवर तुमच्या भावासारखंच, कबूल. पण डॉड्स आपलं बोट पुढच्या ओळीवर ठेवतात. अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो, ज्या अर्थी मला आतेनं आंधळं केलं आणि झ्यूसनं माझी अक्कल काढून घेतली, *त्या अर्थी* मी समेट करायला आणि भरपूर भरपाई द्यायला तयार आहे. आणि भरपाई येते. विस्तव न लागलेले तीन पायांचे सात हंडे, वीस कढया, बारा घोडे, दहा टॅलेंट (हे त्यांचं वजन) सोनं, सात बायका आणि आठवी ब्रिसेइस. (बायका हंड्या-कढयांच्या यादीत! दर वेळी इथे पुस्तक मिटून जरा खिडकीबाहेर बघते.)

म्हणजे ‘देवानं केलं’ हे वाक्य सुटकेसाठी नव्हतंच. त्या काळच्या न्यायाला हेतूशी कर्तव्य नव्हतं. कृत्य झालं, नुकसान झालं, भरून द्या. ज्याचं नुकसान झालं तो अकिलीसही तसंच बोलतो : हे पित्या झ्यूस, माणसांना तू केवढ्या आते देतोस! तो काही अ‍ॅगमेम्नॉनची भीड धरणाऱ्यांतला नव्हे.

मग देवाचं नाव घ्यायचंच कशाला? डॉड्सचं मानसशास्त्र इथे सुरू होतं, आणि ते मला फ्रॉइडपेक्षा जवळचं वाटतं. कथेच्या पोटात काय दडलंय यापेक्षा, त्या माणसांना आत काय जाणवत होतं आणि त्याला नाव देताना त्यांच्यापाशी कोणते शब्द होते, हे ते विचारतात. होमरच्या माणसापाशी ‘माझं मन’ अशी एकसंध वस्तू नाही. त्याच्या छातीत ‘थुमॉस’, म्हणजे भावनेची ऊर्मी आहे, तो त्याच्याशी बोलतो, कधी भांडतो. स्वभावाची भाषाही जाणण्याची आहे : दुष्ट माणूस ‘अधर्म जाणतो’. मग जे जाणून केलं नाही, ते माझं कसं? ते बाहेरून आलं असणार. शिवाय तो समाज चारचौघांत मान राखून जगणारा. भर सभेत मान घालवणारी चूक आपलीच म्हणून पोटात घेणं त्याला झेपणारं नव्हतं. डॉड्सनी त्या वेळच्या मानववंशशास्त्रज्ञांकडून दोन शब्द घेतले, लज्जेची संस्कृती आणि अपराधभावनेची संस्कृती, आणि ग्रीक समाज पहिलीकडून दुसरीकडे कसा सरकला ते दाखवलं. आपल्याकडे याला चार शब्द पुरतात : जनाची नाही, तर मनाची!

या माणसाला हे सुचलं कसं, याचंही मला कुतूहल होतं. डॉड्स १८९३ मध्ये आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचे. १९१६ च्या आयरिश उठावाची बाजू घेतली म्हणून त्यांना ऑक्सफर्ड सोडावं लागलं होतं, आणि १९३६ मध्ये तिथेच ते ग्रीकचे प्रमुख प्राध्यापक झाले. संमोहन, टेलिपथी यांचा नाद आयुष्यभर. एकदा ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं बघत असताना एक तरुण जवळ येऊन म्हणाला, कबूल करायला लाज वाटते, पण हे ग्रीक प्रकरण मला हलवतच नाही, सगळं फारच तर्कशुद्ध आहे. डॉड्सच्या डोक्यात ते राहिलं. ग्रीक खरंच एवढे तर्कशुद्ध होते का? त्यातून बर्कलीला दिलेली व्याख्यानं झाली आणि १९५१ मध्ये त्यांचं पुस्तक. माझी प्रत निवृत्तीनंतर फोर्टच्या पदपथावर मिळाली, पाठीवरचा कागद उंदरानं खाल्लेला.

पहिलं प्रकरण वाचताना मला माझे वडील आठवले. मी नववीत असताना त्यांनी रागाच्या भरात भावाची पेटी अंगणात आपटली. भाता फाटला, सूर विखुरले. रात्री आईला म्हणाले, “काय बुद्धी झाली कोण जाणे.” माफी मागितली नाही, पुढेही कधी नाही. दोन महिन्यांनी मिरजेहून नवी पेटी आली, आणि त्यांची सायकल दारात दिसेनाशी झाली. कचेरीला चालत जायचे, सव्वा कोस. आपली भाषाही बघा ना. ‘मी चूक केली’ आपल्या तोंडून लवकर निघत नाही. ‘माझ्या हातून चूक झाली.’ चुकीला जणू स्वतःचे पाय. ते वाक्य मी पळपुटं मानत नाही. त्याच्या मागून काय येतं, तेवढं बघते.

तेव्हा भावाशी ‘देवानं की तू’ हा वाद घालू नका, तो मिटायचा नाही. देवानं बुद्धी फिरवली, मान्य म्हणा. आणि चौदा कलमांचा हिशेब कागदावर मांडून पुढे ठेवा.

प्रश्न : बाई, दर वर्षी अष्टमीला घागर फुंकताना माझ्या मावशीच्या अंगात येतं. एरवी ती घरात फारसं बोलतही नाही. माझा नवरा म्हणतो, हा हिस्टेरिया आहे, थांबवा. तुमच्या त्या प्रोफेसरांचं यावर काय मत? (सांगली)

उत्तर : त्यांनी पुस्तकाच्या शेवटी मद्य आणि उन्मादाचा ग्रीक देव डायोनिसस याच्या भक्त बायकांवर एक सबंध परिशिष्ट लिहिलंय. दर दुसऱ्या वर्षी ऐन हिवाळ्यात डेल्फीच्या बायका पार्नासस डोंगरावर रात्री नाचायला जात, अथेन्सहूनही काही जणी येत. प्लुटार्क हा जुना ग्रीक लेखक सांगतो, की एकदा त्या वर हिमवादळात अडकल्या. सोडवायला गेलेल्या माणसांचे झगे गोठून लाकडासारखे झाले आणि उलगडताना तुटले. डॉड्सचा कयास असा : अशी लाट आधी आपसूक येत असणार, मग समाजानं तिला तिथी नेमून दिली. आणि जो तिला सरसकट दाबायला जातो त्याचं काय होतं, ते युरिपिडिसच्या नाटकातल्या पेन्थियस राजानं दाखवलंय. त्याचं मुंडकं त्याच्याच आईच्या हातात आलं. यजमानांना एवढं सांगायची गरज नाही!

मावशी वर्षभर ठीक असतील, जेवत-झोपत असतील, तर थांबवू नका. तिथीवाचून, एकट्या असताना असं व्हायला लागलं, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

प्लुटार्कनंच आणखी एक प्रसंग लिहून ठेवलाय. युद्धाच्या दिवसांत या बायका रात्री भटकत अँफिसा गावात पोचल्या आणि भानावर यायच्या आतच चौकात इथेतिथे झोपून गेल्या. गावात सैनिकांचा सुळसुळाट. तेव्हा गावातल्या बायका धावत आल्या आणि त्यांच्याभोवती कडं करून मुकाट उभ्या राहिल्या. जाग आल्यावर त्यांना खाऊपिऊ घातलं, नवऱ्यांना विचारून हद्दीपर्यंत सोबत केली. अष्टमीला मावशींच्या हातातली घागर वेळेवर काढून घेणारी, पाणी देणारी कोण असते? या वर्षी तुम्ही जवळ उभ्या राहा.