'सायबॉर्ग'ला 'यंत्रमानव' म्हणावे का?

प्रश्न असा: विज्ञानविषयक मजकूर मराठीत आणताना 'सायबॉर्ग'साठी, म्हणजे शरीराला यंत्र जोडलेल्या सजीवासाठी, 'यंत्रमानव' चालेल का? आणि पेसमेकर बसवलेला माणूस सायबॉर्ग ठरतो का?

'यंत्रमानव' नको. रोबोटसाठी तो इतका रुळला आहे की वाचकाच्या डोळ्यांपुढे पत्रा आणि तारा येतील, हाडामांसाचे काही येणार नाही. शिवाय त्यातले 'मानव' हे पदही अडचणीचे आहे. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या शास्त्रज्ञांनी १९६० साली अंतराळप्रवासावरच्या एका निबंधात हा शब्द घडवला, तेव्हा नमुना म्हणून छायाचित्र छापले ते २२० ग्रॅम वजनाच्या उंदराचे. त्याच्या कातडीखाली ऑस्मॉटिक पंप होता. अशा पंपात मिठाचा कप्पा पातळ पडद्यातून पाणी ओढून फुगतो आणि शेजारच्या कप्प्यातले औषध सावकाश बाहेर ढकलतो. उंदराला त्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, आणि व्याख्येचा गाभा नेमका हाच आहे: बाहेरून जोडलेला भाग शरीराचा समतोल राखायच्या कामात नकळत सामील झाला पाहिजे. त्या पंपाला शरीराची अवस्था कळत नव्हती हे खरे, पण जाणणारा आणि नियंत्रण करणारा भाग जोडून चक्र पूर्ण करता येईल, हे निबंधातच सांगितले आहे.

शब्दाची फोड 'सायबरनेटिक' अधिक 'ऑर्गॅनिझम', म्हणजे कोणताही सजीव. सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाचे शास्त्र, हे नाव गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. होडी किती वळली ते पाहायचे, तेवढे सुकाणू उलट फिरवायचे, पुन्हा पाहायचे. फीडबॅक म्हणतात तो हाच. (आपला 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला.) पण मराठीत 'सायबर' म्हटले की सायबर कॅफे, सायबर गुन्हे, म्हणजे इंटरनेटच आठवते. म्हणून 'सायबरमानव' तर आणखी दिशाभूल करेल.

पेसमेकरचे उत्तर त्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. सुरुवातीचे पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देत राहत. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला की नाही, हे पाहत नसत. त्यामुळे दोघांची स्पर्धा होई आणि चुकीच्या क्षणी पोहोचलेला विद्युत झटका घातक ठरू शके. गरजेपुरता चालणारा पेसमेकर आधी ऐकतो. गती मिनिटाला ६० ठेवली असेल तर तो एक सेकंद वाट पाहतो आणि ठोका आला नाही तरच स्वतः देतो. त्याची चूकही ऐकण्यातलीच असते: छातीच्या स्नायूंचा संकेत हृदयाचा समजला, तर हवा असलेला ठोका तो देत नाही. हा दुसरा प्रकार व्याख्येत नीट बसतो. साखर मोजून स्वतःच डोस बदलणारा इन्सुलिन पंपही बसतो. जयपूर फूट किंवा चष्मा बसत नाही. तरीही रुग्णाविषयी लिहिताना 'पेसमेकर बसवलेला माणूस' असेच लिहावे. उपचारावरून कोणाला नवी जात चिकटवू नये.

मराठी बोलीने या वस्तूंसाठी क्रियापदे फार नेमकी निवडली आहेत. रोज काढता येते ते 'लावतात': चष्मा, श्रवणयंत्र. आत जाऊन कामाला लागते ते 'बसवतात': पेसमेकर, डोळ्यातली लेन्स. आधार म्हणून आत राहते ते 'टाकतात': स्टेंट, रॉड, प्लेट. लेखी भाषेत मात्र 'प्रत्यारोपण' सरसकट वापरतात, ते टाळावे. मूत्रपिंडासारख्या सजीव अवयवाचे प्रत्यारोपण होते; कॉक्लियर इम्प्लांट या ऐकू येण्यासाठीच्या यंत्राचे रोपण.

घडवायचाच तर 'यंत्रजीव' त्यातल्या त्यात बरा. तत्पुरुषात दुसरे पद प्रधान, म्हणून सजीव मुख्य राहतो. 'जीवयंत्र'मध्ये तोच गौण होतो. पण 'यंत्रमानव'च्या सवयीने 'यंत्रजीव'ही रोबोटसारखा वाचला जाईल, म्हणून माझे मत 'सायबॉर्ग'लाच. 'ऑर्गॅनिझम'मुळे 'बॉ' लिहावा, 'बो' नव्हे. लिंग पुल्लिंग, अनेकवचन तेच: एक सायबॉर्ग, दोन सायबॉर्ग. विभक्तीत 'सायबॉर्गला' आणि 'सायबॉर्गाला' दोन्ही चालतील. एका लेखात एकच रूप ठेवावे.