प्रमाण विचलन काढता येतं, पण त्याचा अर्थ सांगता येत नाही: तास कुठे घालवावेत?

संख्याशास्त्र शिकवतानाची तुमची अडचण मला अशी समजली: सोळा-सतरा वर्षांची मुलं मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), प्रमाण विचलन (आकडे मध्याभोवती किती पसरले आहेत याचं माप) बिनचूक काढतात, पण ‘प्रमाण विचलन ४ आलं, म्हणजे काय?’ असं विचारलं की वर्ग गप्प. हाताशी दहा-बारा तास आणि अख्ख्या वर्गात मिळून एक संगणक. तर काय शिकवावं आणि काय सोडावं?

सोडायचं आधी सांगते. गृहीतमध्य पद्धत आणि तिच्यासारख्या आकडेमोड वाचवणाऱ्या युक्त्या कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हाच्या आहेत. परीक्षेत येत असतील तर एका तासात उरका. वर्गीकृत सारणीतून बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा) काढायचं सूत्रही त्याच माळेतलं. वाचलेला सगळा वेळ एकाच गोष्टीवर घाला: समोरचा आकडा आला कुठून. पुस्तकातल्या उदाहरणात आकडे आयते रांगेत उभे असतात. कोणी मोजले, कशाने मोजले, कशासाठी मोजले, याचा पत्ता नसतो. मग उत्तराला अर्थ कुठून येणार?

म्हणून पहिला तास मोजण्याचा. एकच टेबल, आणि प्रत्येकाने त्याची लांबी एकट्याने मोजून गुपचूप चिठ्ठीवर लिहायची. पट्टी मुद्दाम ३० सेंटिमीटरची द्या, म्हणजे ती पुन्हापुन्हा सरकवावी लागते आणि प्रत्येक सरकवण्यात थोडी चूक होते. मग सगळे आकडे फळ्यावर संख्यारेषेवर ठिपक्यांनी मांडा. टेबल एक आणि लांब्या इतक्या, हे बघून मुलं हसतात आणि आपलं काम निम्मं होतं.

एखादा ठिपका बहुधा फार लांब पडतो. तो ठेवायचा की काढायचा, यावर वर्गाला मनसोक्त भांडू द्या. तो बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ३० सेंटिमीटरने कमी असेल, तर एक पट्टी मोजायची राहिली असणार हे कोणीतरी ओळखतंच. कारण सापडलं की त्या मुलाने पुन्हा मोजावं. पण कारण न शोधता, नुसता गैरसोयीचा म्हणून आकडा काढून टाकणं ही लबाडी आहे, आणि हे याच वयात स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. तो आकडा धरून आणि वगळून मध्य आणि मध्यक दोन्ही काढायला लावा. मध्य सरकतो, मध्यक जवळजवळ जागचा हलत नाही. व्याख्येपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

आता विचारा, ‘आपल्यापैकी एकाचा आकडा मध्यापासून साधारण किती लांब असतो?’ मुलं अंतरांची सरासरी काढायला जातात, चिन्हासकट बेरीज शून्य येते आणि सगळे अडकतात. कोणी म्हणेल, चिन्ह सोडून द्या. काढू द्या तसं, तेही पसरटपणाचं रास्त माप आहे. वर्ग, बेरीज, भागाकार, वर्गमूळ त्यानंतर आणा. मग एकाने तरी ‘आमच्या मोजण्यात साधारण इतक्या सेंटिमीटरचा फरक पडतो’ असं एककासकट म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. n ने (म्हणजे आकडे जितके तितक्याने) भागायचं की n−१ ने, हा वाद इथे काढू नका. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं का असतात असं कोणी विचारलं, तर ‘हाती सगळे आकडे नसून त्यांतला नमुनाच असेल तर n−१’ एवढं पुरे.

त्याच तासाच्या शेवटी एक प्रश्न: सगळ्यांनी टोक झिजलेली एकच पट्टी वापरली असती तर? मध्य सरकला असता, पसारा साधारण तेवढाच राहिला असता. आणि आणखी शंभर मुलांनी त्याच पट्टीने मोजलं असतं, तरी मध्य खऱ्या लांबीकडे आला नसता. नमुना निवडण्याचा पुढचा सगळा भाग या वाक्यावर उभा आहे.

तो भाग असा घ्या. शब्दांनी भरलेलं एक पान वाटा. ‘या पानाचं प्रतिनिधित्व करतील असे दहा शब्द नजरेने निवडा आणि त्यांतल्या अक्षरांची सरासरी काढा.’ नंतर शब्दांना क्रमांक देऊन, यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारख्या, कोणाच्या पसंतीने न ठरणाऱ्या) संख्यांनी दहा शब्द निवडून तेच करायला लावा. दोन्हींचे ठिपके वर-खाली मांडले की नजरेने निवडलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा मोठी निघालेली दिसते, कारण लांब शब्द डोळ्यांत भरतात. मुलांनी प्रामाणिकपणे निवडलेलं असतं, तरीही. मग १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट सांगा. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने कोणाला मत देणार हे विचारणाऱ्या पत्रिका सुमारे १ कोटी लोकांना पाठवल्या, त्यातल्या २० लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. त्यात परत पाठवणारे तेवढेच मोजले गेले. झिजलेली पट्टी आठवते का, असं मुलांना विचारावं लागत नाही, तीच म्हणतात.

सहसंबंधासाठी (दोन मापं एकमेकांबरोबर कशी बदलतात यासाठी) संख्याशास्त्रज्ञ ॲन्सकोम यांचे १९७३ चे चार संच वापरा, मात्र दाखवण्याचा क्रम बदला. चार गट करा, प्रत्येक गटाला एकच संच द्या आणि इतरांचा दाखवू नका. प्रत्येक संचात ११ जोड्या आहेत, तेव्हा हाताने गणित होतं. चारही गट फळ्यावर येऊन तेच लिहितात: x चा मध्य ९, y चा ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२, रेषा y = ३ + ०.५x. सगळ्यांना वाटतं, संच एकच होता. त्यानंतर आलेख काढायला लावा. एकात सरळ रेषेभोवती विखुरलेले बिंदू, दुसऱ्यात सुबक वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने रेषा ओढून नेलेली, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या ओळीत. आलेख आधी का काढायचा, यावर वेगळं भाषण लागत नाही.

टक्केवारी मुलांना सोपी वाटते, त्यामुळे तिथेच त्यांना अडवा. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या मुतखड्याच्या एका अभ्यासात उघड्या शस्त्रक्रियेचे ३५० पैकी २७३ रुग्ण बरे झाले आणि लहान छेदाच्या पद्धतीचे ३५० पैकी २८९. कोणती पद्धत चांगली? वर्ग एकमुखाने दुसरी म्हणतो. मग खड्याच्या आकाराचा रकाना उघडा. लहान खडे: पहिल्या पद्धतीत ८७ पैकी ८१, दुसरीत २७० पैकी २३४. मोठे खडे: २६३ पैकी १९२ आणि ८० पैकी ५५. दोन्ही आकारांत पहिली पद्धत वरचढ! बेरीज पुन्हा तपासायला लावा, ती बरोबरच आहे. मोठे, अवघड खडे जास्त करून उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते, हे कारण मुलांनाच शोधू द्या. अर्धा तास गेला तरी चालेल.

एक संगणक पुरतो. त्यावर बिघडवलेली फाइल उघडा: कुठे रिकामी चौकट, कुठे तिच्या जागी ०, कुठे ‘माहिती नाही’ची खूण म्हणून ९९९, तारखा दोन तऱ्हांनी लिहिलेल्या. ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ यांतला फरक सरासरीवर काय करतो ते समोर दाखवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं आणि केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवायचा. मोठ्यांचंही इथे चुकतं: २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जवळपास १६,००० कोरोनाबाधितांची नोंद वेळेवर झाली नाही, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत.

फरक खरा की योगायोगाचा, यासाठी सूत्र नको, पत्ते पिसा. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. दोघांना तीच अक्षरं पाठ करायला द्या, फक्त एका गटाला ओळखीचे शब्द होतील अशी जोडून. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक लिहून ठेवा. मग सगळ्यांचे गुण कार्डांवर लिहून, पिसून, पुन्हा दोन ढीग करा आणि फरक काढा. प्रत्येक मुलाने काही वेळा केलं की फळ्यावर ठिपक्यांची टेकडी उभी राहते. आपला मूळ फरक टेकडीच्या पोटात आहे की पार कडेला, एवढंच बघायचं: पोटात असेल तर तो नुसत्या योगायोगानेही सहज येतो, पार कडेला असेल तर तसा क्वचितच.

प्रकल्पाबद्दल थोडक्यात. वर्गातल्या मुलांची वजनं आणि गुण यांवर आकडेवारी करू नका, कोणाचा तरी चेहरा पडतो. ‘मोबाइलचा अभ्यासावर परिणाम’ असे विषय परत पाठवा, कारण त्यात मोजायचं काय हेच ठरलेलं नसतं.

आणि चाचणी. आकडेमोड आयती द्या, अर्थ विचारा: दोन वर्गांचा मध्य ६२, प्रमाण विचलन एकाचं ५ आणि दुसऱ्याचं १५, तर कोणत्या वर्गाला एकाच पातळीवर शिकवणं सोपं जाईल? शिवाय प्रत्येक चाचणीत मी एक प्रश्न असा ठेवते की दिलेल्या माहितीवरून उत्तर सांगता येत नाही हेच त्याचं उत्तर असतं. कोणती माहिती कमी पडते हे लिहिलं तर पूर्ण गुण, नुसतं ‘सांगता येत नाही’ लिहिलं तर शून्य.