वाचकांचे प्रश्न : एका ऑर्डरमधले तीन काउंट

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे चादर-टॉवेलचे यंत्रमाग आहेत. परदेशी ग्राहकाच्या मेलमध्ये 'यार्न काउंट २/२०', 'थ्रेड काउंट ३००' आणि 'कार्टन काउंट कळवा' असं एकाखाली एक आलंय. तिन्ही काउंट एकच का? दर कशावर काढायचा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तिन्ही वेगळे. शेवटचा सोपा, खोकी किती ते कळवा.

यार्न काउंट म्हणजे आपण ज्याला सुताचा नंबर म्हणतो तो. ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात, म्हणजे ४५३.६ ग्रॅममध्ये, अशा जितक्या लड्या बसतील तितका काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होतं. पॉलिस्टर धाग्याचं माप, डेनियर, बरोबर उलटं चालतं, तिथे आकडा वाढला की धागा जाड. ५३१५ ला डेनियरने भागलं की काउंट मिळतो; १५० डेनियर म्हणजे साधारण ३५ काउंट.

२/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळलेलं सूत. जाडी १० नंबरची. खरेदीच्या कागदावर '२/' लिहायचं राहिलं आणि एकेरी २० आलं, तर तेवढ्याच लांबीला वजन निम्मं भरतं आणि टॉवेल हातात घेताच पातळ लागतो.

आलेलं सूत घरच्या घरी तपासता येतं. सुताचे चार-पाच कोन (शंकूच्या आकाराची रिळं) घ्या, वरचे थर काढून टाका आणि प्रत्येकातून रॅप रीलवर, म्हणजे सूत मोजून गुंडाळायच्या चाकावर, १२० यार्ड गुंडाळा (दीड यार्डाच्या रीलवर ८० फेरे). ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा आणि ६४.८ ला त्या वजनाने भागा. एकेरी २० नंबरला ३.२४ ग्रॅम यायला हवं, २/२० ला ६.४८ च्या आसपास. पिळाने सूत थोडं आखडतं, त्यामुळे दुपदरी किंचित जड भरलं तर लगेच गिरणीशी वाद घालू नका.

मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात हा हिशेब फसतो. सुती धाग्यात प्रमाण ओलावा ८.५ टक्के धरतात. तो ५ टक्क्यांवर उतरला, की तेच २० नंबर सूत काट्यावर २०.७ दिसतं. म्हणजे एप्रिलमध्ये बारीक वाटलेलं सूत पावसाळ्यात जाड ठरेल. वादाचा प्रसंग असेल तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.

आता थ्रेड काउंट. हा कापडाचा, सुताचा नव्हे. एका चौरस इंचातले ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे मिळून जो आकडा येतो तो. इंचाच्या खिडकीची काउंटिंग ग्लास (धागे मोजायचं भिंग) कापडावर ठेवून सुईने मोजावा, किनारीजवळ मोजू नये. काही विक्रेते दुपदरी धागा दोनदा मोजून ३०० चे ६०० करतात. ग्राहक कोणती पद्धत धरतो ते विचारून घ्या.

खरी गोम इथेच आहे. २/२० चे धागे शेजारी-शेजारी चिकटवून ठेवले तरी इंचात साधारण ८८ मावतात. साध्या विणीत गुंफणीला जागा जाते, म्हणून ताण्यात आणि बाण्यात चाळीस-चाळीसच्या आसपासच. एकाच थराच्या कापडात २/२० घेऊन ३०० होणारच नाही. आमच्या मते ग्राहकाने पलंगावरच्या बारीक बेडशीटचा आकडा जाड चादरीला लावलाय. त्याला सरळ विचारा : चादर हवी की बेडशीट? चादर असेल तर सुताचा नंबर, इंची ताणा-बाणा आणि नगाचं वजन लिहून मागा. टॉवेलला तर थ्रेड काउंट लावूच नये. फासे उभे असतात, तिथे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हेच माप. या गोष्टी लेखी आल्याशिवाय दर देऊ नका.

प्रश्न : दवाखान्यात 'काउंट वाढला' म्हणतात, पेपरात 'तीन काउंट्सवर दोषी' असतं आणि टॉलस्टॉयच्या नावाआधीही काउंट! सगळे एकाच घरातले का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : पहिले दोन, हो. संसर्गात डॉक्टर 'वाढला' म्हणतात तेव्हा बहुधा पांढऱ्या पेशी. डेंग्यूत 'घटला' म्हणतात तेव्हा प्लेटलेट्स, ज्या सर्वसाधारणपणे मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. न्यायालयातला काउंट म्हणजे आरोपपत्रातला एकेक आरोप. या दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या मोजण्याच्या क्रियापदात; कॉम्प्युटरही तिथलाच. टॉलस्टॉयचा काउंट मात्र परका. तो सरदारकीचा किताब, आणि त्याचं लॅटिन मूळ 'सोबती' या अर्थाचं.