वॉशिंग्टन राज्याचं मिलिटरी डिपार्टमेंट नक्की करतं काय? राज्याला स्वतःचं सैन्य असतं का?

हो, असतं. मी सिएटलजवळ राहतो, त्यामुळे इथलंच सांगतो. आपल्याकडे सैन्य म्हणजे दिल्लीचं, राज्याकडे पोलीस, फार तर एसआरपी नि होमगार्ड, म्हणून हे नाव ऐकलं की आपण बुचकळ्यात पडतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं नॅशनल गार्ड असतं आणि एरवी ते गव्हर्नरच्या हाताखाली असतं, राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं की फेडरल, म्हणजे केंद्राच्या हाताखाली जातं. त्यातले बरेचसे पार्टटाइम, महिन्याचा एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे ट्रेनिंग, बाकी दिवस कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी आमच्यासारखाच कोड लिहिणारा.

पण बंदुका वगैरे सोडा, लोकांच्या उपयोगाचं काम वेगळंच आहे. टकोमाजवळ कॅम्प मरेला मिलिटरी डिपार्टमेंटचं हेडक्वार्टर, आणि या एकाच डिपार्टमेंटमध्ये गार्डही येतं, राज्याचं आपत्ती व्यवस्थापनही आणि ९११ चं, म्हणजे इथल्या इमर्जन्सी फोन नंबरचं, राज्य पातळीवरचं कामही. हे एकत्र असण्याचा फायदा कळतो तो संकटात. २२ मार्च २०१४ ला ओसोजवळ डोंगर कोसळला, वस्ती आणि हायवे ५३० गाडला गेला, ४३ माणसं गेली, तेव्हा स्थानिक लोकांबरोबर गार्डची माणसं चिखल उपसत होती. त्याच वर्षी जुलैत आपलं माळीण गेलं, आठवत असेल, तिथे एनडीआरएफ आली, म्हणजे केंद्राचं दल. राज्याच्या हाताशी स्वतःची हेलिकॉप्टरं आणि ट्रेनिंग घेतलेली माणसं असणं ही मला तरी मोठी गोष्ट वाटते. उन्हाळ्यात वणवे पेटले की हीच हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून पाणी टाकतात, आणि २०२० मध्ये कोविडात हेच जवान फूड बँकेत खोकी भरत होते. त्याच वर्षी सिएटलमध्ये आंदोलनाच्या वेळीही त्यांना रस्त्यावर उतरवलं होतं, ते सगळ्यांनाच पटलं नव्हतं हेही सांगायला हवं.

शिवाय किनाऱ्यावरचे त्सुनामी सायरन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला टेस्ट होते, पण खरा भोंगा वाजवला तर लोक घाबरतील म्हणून घड्याळाच्या टोल्यांसारखी धून वाजते, पर्यटक उगाच इकडेतिकडे बघत बसतात. भीती कसली तर समुद्राखालच्या कॅस्केडिया फॉल्टची, तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा, तारीख कळली ती जपानमधल्या त्सुनामीच्या जुन्या नोंदींवरून. तसा पुन्हा झाला तर रस्ते पूल तुटतील आणि मदत लगेच पोचणार नाही, म्हणून डिपार्टमेंटचं सांगणं की दोन आठवडे स्वतःचं स्वतः निभावता आलं पाहिजे. पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे चौघांच्या घराला ५६ गॅलन, साधारण २१२ लिटर. आपल्या लोकांकडे तांदूळ-डाळ दोन महिन्यांची असते हो, पाणी मात्र नळाला येतंय ना म्हणून कुणी भरून ठेवत नाही.

अजून एक, ब्रेमर्टनला शाळा अर्धवट सोडलेल्या किंवा सोडायच्या बेतात असलेल्या मुलांसाठी २२ आठवड्यांची निवासी अकॅडमी चालवतात, फी नाही, आणि नंतर सैन्यात जायची सक्तीही नाही. ओळखीत कुणाचा मुलगा अडकला असेल तर त्यांच्या साइटवर अर्जाची माहिती मिळेल.