लोकसभेचा राजापूर मतदारसंघ कुठे गेला?

तुम्ही विचारलंय की आजोबा नेहमी ‘आमचा राजापूर मतदारसंघ’ म्हणायचे, दंडवत्यांना मत दिल्याचं सांगायचे, पण आता शोधलं तर राजापूर नावाचा फक्त विधानसभेचा मतदारसंघ सापडतो. मग लोकसभेचं राजापूर खरंच होतं, की आजोबांची गल्लत झाली?

आजोबा बरोबर होते. १९५७ ते २००४ राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघ होता. माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो का नाहीसा झाला हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाविषयी. राजापूर शहर अर्जुना नदीच्या काठी, रत्नागिरी जिल्ह्यात. पण मतदारसंघाचा मोठा भाग त्याच्या दक्षिणेला होता: देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचं. पहिल्या निवडणुकीत, म्हणजे १९५२मध्ये, इथल्या मतदारसंघाचं नाव ‘रत्नागिरी दक्षिण’ होतं. राजापूर हे नाव १९५७पासूनचं. पुढे जिल्हा बदलला, तरी मतदारसंघाचं नाव तेच राहिलं.

१९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. कोकणाने काँग्रेसकडे पाठ फिरवली. शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले आणि राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, बॅरिस्टरी लंडनची, वय चौतीस. माझी आजी त्यांचं नाव कधी घ्यायची नाही, ‘बॅरिस्टर’ एवढंच म्हणायची. “बॅरिस्टराचा भाषण ऐकूक आमी चलत गेललंव,” हे तिचं ठरलेलं वाक्य. किती चालत, असं विचारलं की ती हाताने डोंगराकडे दाखवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्या भाषणातलं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि तिने तिन्ही वेळा त्यांनाच मत दिलं.

नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७मध्ये निकाल दिला की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. दोनच महिन्यांत नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं: राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार मूलभूत हक्कांच्या बाबतीतही स्पष्ट असावा. ते विधेयक मंजूर झालं नाही. पण १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार दिला. ती भूमिका योग्य होती का, यावर आजही दोन मतं आहेत. मला स्वतःला न्यायालयाने पुढे केशवानंद भारती खटल्यात काढलेला मधला मार्ग जास्त पटतो: संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. पण घटनेच्या इतक्या मुळाशी जाणारा वाद एका गरीब, डोंगराळ मतदारसंघाच्या खासदाराने दिल्लीत उभा केला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

१८ जानेवारी १९७१ला बेळगावात हृदयविकाराने ते गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. लोकसभा त्याआधीच बरखास्त झालेली आणि निवडणूक दारात.

तेव्हा पक्षाने उभे केले मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याची. कोकणातलं घराणं नाही, जातीचा गठ्ठा नाही, पैसा नाही. आणि समोर इंदिरा गांधींची लाट! प्रजासमाजवादी पक्षाला त्या वेळी देशभरात दोनच जागा मिळाल्या, बंगालमध्ये समर गुहांची कांथी आणि आपलं राजापूर. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९, अशा सलग पाच निवडणुका दंडवते जिंकले. १९८४चा निकाल तर आजही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या, आणि जनता पक्षाला राज्यात मिळालेली एकमेव जागा राजापूरची. तुमचे आजोबा ज्या मताबद्दल सांगायचे ते बहुधा अशाच एखाद्या निवडणुकीतलं असेल.

आणीबाणी आली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. तिथेच वाजपेयी आणि अडवाणींबरोबर त्यांना अटक झाली. १९७७मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे. १९७४च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गावात तेव्हा रेल्वेचा रूळही नव्हता, आणि तरी देशभरच्या गरीब प्रवाशाची पाठ त्यांनी सुखावली. मला ही गोष्ट आठवली की भरून येतं.

कोकण रेल्वेचं स्वप्न जुनं. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला. प्रत्यक्ष मुहूर्त लागला १९९०मध्ये. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, आणि जुलैमध्ये ई. श्रीधरन यांच्या हाताखाली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी, १९९१च्या निवडणुकीत, दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला, तेव्हा दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, पण राजापूरचे खासदार नव्हते. लोकसभेत ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

ते का हरले, याबद्दल माझं मत सांगतो. या मतदारसंघाचा अर्धा जीव कायम मुंबईत होता. घरटी एक तरी चाकरमानी गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गावची चूल त्याच्या मनीऑर्डरवर. समाजवाद्यांचा जोर होता तेव्हा त्या चाकरमान्याची युनियनही बहुतेकदा डावी किंवा समाजवादी असायची. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि ते जगच मोडलं. गिरणगावातल्या चाळींत शिवसेनेची शाखा आधीपासून होतीच. आता नोकरी गेलेला पोरगा गणपतीला गावी आला तो शाखेचं नाव घेऊन. गावातल्या सभांपेक्षा परळ-लालबागच्या चाळीत मत आधी ठरायला लागलं. १९९६मध्ये राजापूर शिवसेनेकडे गेलं ते कायमचंच. सुरेश प्रभू १९९६, १९९८, १९९९ आणि २००४, चारही वेळा निवडून आले. वाजपेयींच्या सरकारात त्यांनी ऊर्जा खातं सांभाळलं, आणि २०१४मध्ये राज्यसभेच्या वाटेने तेही रेल्वेमंत्री झाले. एका छोट्या मतदारसंघाच्या दोन खासदारांच्या वाट्याला रेल्वे खातं आलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: मतदारसंघ गेला कुठे?

कोणी वैराने पुसला नाही. तो आकड्यांनी पुसला. १९७१च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा तीस वर्षं गोठवून ठेवल्या होत्या. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे ४८ जागांच्या हिशेबाने एका खासदारामागे साडेदहा लाख माणसं. अखंड रत्नागिरी जिल्ह्यात होती वीस लाखांच्या आसपास. दोन जागा व्यवस्थित बसत होत्या, रत्नागिरी आणि राजापूर.

२००१मध्ये राज्य ९ कोटी ६९ लाखांवर गेलं. एका जागेमागे आता वीस लाख माणसं हवीत. रत्नागिरीत होती सुमारे १७ लाख, सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजार. दोन्ही मिळून साडेपंचवीस लाख. सव्वा खासदार! राज्य जवळपास दुप्पट झालं आणि आपण पावाहून थोडंच जास्त वाढलो.

माणसं गेली कुठे, ते त्याच जनगणनेत दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. पुरुष बाहेर होते. मुंबईची जागा महागली तसे ते डोंबिवली, कल्याण, ठाणे, विरारकडे सरकले. म्हणून २००१च्या जनगणनेवर सीमा नव्याने आखल्या तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दोन जागांच्या (ठाणे आणि डहाणू) चार झाल्या: ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर. खाली कुलाबा (म्हणजे आजचा रायगड जिल्हा, मुंबईतलं कुलाबा नव्हे), रत्नागिरी आणि राजापूर या तिघांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग एवढे दोनच उरले. पनवेल, कर्जत, उरण घाट ओलांडून मावळला जोडले गेले. चाकरमानी ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने त्याची खासदारकीही गेली. मुंबईला माणसं पुरवून पुरवून जो भाग रिकामा झाला, त्यालाच दिल्लीतलं एक आसन सोडावं लागलं, हे गणितात चोख आहे, पण मला ते अजून पचलेलं नाही. सिंधुदुर्गाचे आमदारही चाराचे तीन झाले.

ही नवी रचना फेब्रुवारी २००८मध्ये लागू झाली. दापोली आणि गुहागर रायगडात गेले, आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. २००९च्या पहिल्याच निवडणुकीत तिथे सुरेश प्रभू हरले आणि काँग्रेसचे निलेश राणे निवडून आले. तुम्हाला सापडलेलं ‘राजापूर’ हे यातलंच विधानसभेचं राजापूर.

आजोबांच्या काळातले निकाल बघायचे असतील तर १९५७ ते २००४ या वर्षांसाठी ‘राजापूर’ याच नावाने शोधा, १९५२साठी ‘रत्नागिरी दक्षिण’. गावी गेलात तर मालवणला बॅ. नाथ पै सेवांगणात थोडा वेळ काढा. आणि घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर १९७१ला दंडवत्यांच्या प्रचाराला कोण कोण फिरलं होतं, ते आजच विचारून लिहून ठेवा.