नवीन ब्रास, जुना लोड: जरा थांब

रायफलची काडतुसं घरी भरताना, जुन्या ब्रासमध्ये (काडतुसाच्या पितळी केसेसमध्ये) जमलेला लोड, म्हणजे पावडर-गोळीचं ठरलेलं प्रमाण, दुसऱ्या कंपनीच्या केसेसमध्ये तसाच भरू नकोस. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण भिंत जाड असली की आतली जागा घटते आणि तेवढ्याच पावडरने दाब चढतो. तुझ्याच रायफलमधून झाडलेल्या दोन्हीकडच्या 5-5 केसेस घे, वापरलेला प्राइमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) आतच राहू दे, आधी रिकाम्या केसचं वजन कर, मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा कर आणि वजाबाकी कर. फरक लगेच कळेल.

पावडर 10 टक्के खाली आणून हळूहळू वर चढ. रिलोडिंग मॅन्युअलमधली पावडरची कमाल मर्यादा ओलांडायची नाही. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) जड उचलला गेला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला, तर दाब जास्त झालाय, तिथंच थांब. मी एकदा घाई केली, तेव्हा बोल्ट तळहाताने ठोकून उघडावा लागला होता.

झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी पडतात का ते) पुन्हा तपास, तोही थंड नळीच्या पहिल्या गोळीवर.