खाडीलगतच्या चिखलात पोकलेन रुतू नये म्हणून चेनचे ६०० मिमी रुंद शू (लोखंडी पट्ट्या) काढून ८०० चे लावावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं २० टनी पोकलेन आहे, कांजूरमार्गच्या बाजूला खाडीलगत चर खणायचं काम मिळालंय, आणि पार्टी (काम देणारा) म्हणते, "रुंद शू लावून आणा, प्लेटा आम्ही देणार नाही." मशीनखाली टाकायच्या लोखंडी प्लेटांचं हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य साइटवर कायम ऐकू येतं आणि त्याचं बिल दरवेळी मशीनवाल्याच्या नावावर फाटतं.

आधी हिशेब. २० टनी मशीनची चेन जमिनीवर साधारण ३.६ मीटर टेकते. ६०० मिमीचे शू धरले तर दोन्ही चेन मिळून सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास जागा होते, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ०.४६ किलो दाब. ८०० चे लावले की तो ०.३५ वर येतो. चौथा हिस्सा कमी, खोटं नाही. पण हा आकडा मशीन सपाटीवर सरळ उभं आहे आणि बकेट रिकामी आहे तेव्हाचा. बूम (मशीनचा मोठा हात) बाजूला फिरवून भरलेली बकेट लांब नेलीत की जवळजवळ सगळं वजन एकाच चेनवर जातं, त्यातही तिच्या बाहेरच्या कडेवर. तिथे दाब दुप्पट होतो, तिप्पटही होतो. ०.३५ कसाबसा झेलणारा खाडीचा चिखल हा दाब झेलत नाही. पार्टीला हे समजावून सांगायची सोय नसते, कारण त्यांच्या हातात कंपनीचं माहितीपत्रक असतं आणि त्यात सपाटीवरचाच आकडा छापलेला असतो.

दुसरी गोष्ट वरच्या पपडीची. खाडीलगत उन्हाने वरचा फूटभर थर कडक होतो. माणूस चालतो, मोटरसायकल जाते, पोकलेनसुद्धा एकदा जातं. खाली मात्र काळा मऊ क्ले तसाच असतो. त्याच चाकोरीतून दुसऱ्यांदा गेलं, किंवा एक चेन पुढे आणि एक मागे करून जागच्या जागी वळलं, की शूच्या दातांनी पपडी फाटते. एकदा फाटली की त्या जागी पुन्हा उभं राहायचं नाही. म्हणून शूच्या आधी जमीन बघा. १२ मिमीची सळई दोन्ही हातांनी दाबा. एका माणसाच्या जोराने ती मीटरभर आत गेली तर प्लेटेशिवाय मशीन घालू नका, मग शू ६०० चे असोत की ८०० चे.

ट्रॉम्बेच्या बाजूला असंच एक मशीन काढायला मला बोलावलं होतं. ते कसं रुतलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या साइटवरही याच क्रमाने होईल. ऑपरेटर चराच्या कडेला चेन समांतर ठेवून खणत होता आणि माती बाजूला टाकत होता. सकाळची भरती नुकतीच उतरलेली. डाव्या चेनच्या शेजारी पपडीला आधी केसाएवढी चीर गेली, मग चिरेतून पाणी वर आलं आणि बुडबुडे सुटले. मशीन डावीकडे कललं. इथे थांबायला हवं होतं, आणि ऑपरेटर थांबलाही होता. पण सुपरवायझर वरून ओरडत राहिला, "दाब, दाब, निघेल!" ट्रॅव्हलचे (मशीन पुढे-मागे चालवायचे) दोन्ही लिव्हर पूर्ण दाबले गेले. चेन फिरली की शू खालचा चिखल उपसून मागे फेकतात आणि मशीन तेवढंच खाली जातं. थोड्या वेळात मधली फ्रेम चिखलावर बसली. पोट टेकलं की चेनवर वजन राहत नाही, मग ती कितीही फिरवा, नुसती घुसळण होते.

मी पोचलो तेव्हा दोन पोकलेन आणून ठेवली होती आणि वायर रोप रुतलेल्या मशीनच्या बकेटच्या पिनला बांधायची तयारी चालली होती. तो मी बांधू दिला नाही. बकेटच्या पिनवरून ओढलं तर बूम, आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा हात) आणि त्यांची सिलिंडर तिरक्या ओढीखाली येतात. काउंटरवेटला (मशीनच्या पाठीमागच्या वजनाला) बांधणं त्याहून वाईट. खालच्या फ्रेमला पुढे छोटं भोक दिसतं ते हलक्या ओझ्यासाठी आहे, रुतलेल्या मशीनसाठी नाही. रोप बांधायचा तर चेनच्या फ्रेमला वळसा घालून, कडांवर लाकडी ठोकळे देऊन. २० टनी मशीनची ओढ सगळी मिळून १८ ते २० टन, तीही कडक जमिनीवर. चिखलाने धरलेल्या मशीनला त्याच्या वजनापेक्षा जास्त ओढ लागते. म्हणजे ओढणारंही रुततं.

काढायची रीत अशी. पहिल्यांदा दोन्ही चेनच्या बाहेरून हात-दीड हात खोल चर मारला, पाणी एका खड्ड्याकडे वळवलं आणि ३ इंची मड पंप लावला. चेनच्या पुढचा चिखल फावड्याने काढला. हे केल्याशिवाय वर उचलायला जाऊ नका, कारण खालून हवा-पाणी शिरायला वाट मिळेपर्यंत चिखल मशीन सोडत नाही. मग स्विंग करून बूम रुतलेल्या चेनच्या बाजूला आणला. बकेटचे दात नव्हे, बकेटची पाठ टेकवायची, तीही खाली प्लेट ठेवून, नाहीतर बकेटच आत जाते. बूम आणि आर्ममधला कोन ९० ते ११० अंश ठेवून सावकाश दाब दिला की ती चेन वर उठते. उठलेल्या चेनखाली साल लाकडाचे स्लीपर (जाड ओंडके) आडवे सरकवले, दुसऱ्या मशीनच्या बकेटने. हेल्परला खाली हात घालू द्यायचा नाही. मशीन त्या वेळी फक्त हायड्रॉलिकवर तोललेलं असतं आणि बकेटखालची जमीन कधीही सुटू शकते. मग तसंच दुसऱ्या बाजूला. शेवटी बकेट पुढे जमिनीत रोवायची, आर्म आत ओढायचा आणि त्याच वेळी लो स्पीडवर दोन्ही ट्रॅव्हल एकत्र द्यायचे. आर्म ओढतो, चेन स्लीपरवर पकड घेते. मशीन निघालं, रोप लागलाच नाही. ओहोटीच्या वेळेत काम उरकणं मात्र भाग होतं. मुंबईत भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते, हे तक्ता बघून आधीच ठरवून घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीकडेला मशीन रात्री ठेवूच नका.

निघाल्यावर तिथल्या साइट इंजिनिअरने सगळ्यांदेखत सांगितलं की ऑपरेटर कच्चा, चांगला ऑपरेटर कुठूनही मशीन काढतो. हे धडधडीत चूक आहे. हाताची सफाई खणण्यात दिसते. जमीन मऊ आहे की नाही, खाली प्लेटा आहेत की नाही, हे ऑपरेटर कॅबिनमध्ये बसायच्या आधी ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारा माणूस ऑपरेटर नसतो. त्या पोराचा पगार कापला गेला. प्लेटांचं भाडं त्याहून कमी पडलं असतं.

प्लेटांचं सांगतो. ६ मीटर बाय दीड मीटर, २५ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पावणेदोन टनांची होते. पोकलेन ती स्वतःच हुकाने उचलतं. आडव्या टाका, म्हणजे दोन्ही चेन एकाच प्लेटवर येतात आणि बाजूला दीड-दीड मीटर उरतं. चार-पाच प्लेटा पुरतात, मागची उचलून पुढे टाकत जायचं. ओल्या प्लेटवर चेन साबणासारखी घसरते, म्हणून वरून १२ मिमीच्या सळया वेल्ड करून घ्या. फारच मऊ जमिनीत २५ ची प्लेटही वाकते, तिथे खाली स्लीपर हवेतच. आणि पावसाळ्यात मुरूम टाकून रस्ता करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या सरीत मुरमाचा राडा होतो. खाली जिओटेक्स्टाइल (जमिनीत अंथरायचं जाड कापड), वर दीड-दोन फूट डबर, असंच करा. तिवरांच्या फांद्या तोडून चेनखाली घाला असंही कुणीतरी सुचवेल. ते करू नका, तिवरं तोडायला २००५ पासून हायकोर्टाची बंदी आहे आणि गुन्हा तुमच्या ऑपरेटरवर लागेल.

खणताना चेन चराला काटकोनात ठेवा, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागे, म्हणजे कड खचली तर सरळ मागे येता येतं. माती कडेपासून निदान दीड मीटर लांब टाका. वळायचं तर थोडं थोडं, पुढे-मागे करत. पाण्यात उतरावं लागलं तर वरच्या कॅरिअर रोलरच्या (चेनची वरची बाजू पेलणाऱ्या रोलरच्या) मध्यापर्यंत, त्यावर नाही.

संध्याकाळी चेन धुवाच. स्प्रॉकेटमधला चिखल वाळला की चेन ताणली जाते आणि आयडलर (चेनचं पुढचं चाक), रोलरची सील जातात. चिखलात चेन मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या सैल बाजूला ठेवा. सैल करताना चेनचा ताण धरणारा ग्रीस व्हॉल्व्ह हळू, एखादा फेराच उघडा आणि तोंड बाजूला ठेवा, आतला दाब माणसाला भोसकतो. पाण्यात गेलेल्या पिनांना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. फायनल ड्राइव्हचं (चेन फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, दुसऱ्या दिवशी मशीन चालवू नका.

शूचं राहिलंच. ८०० चे शू सतत मऊ जमिनीतच काम असेल तर घ्या. मुंबईत चिखलाखाली काळा दगड कधी लागेल सांगता येत नाही, आणि दगडावर रुंद शू वाकतात, बोल्ट सैल होतात, लिंक-पिन लवकर झिजतात. पुढचं काम डोंगराकडचं असेल तर ६०० वरच राहा. शिवाय मशीनची रुंदी २०० मिमीने वाढते, ट्रेलरवाल्याला आधी विचारा. वरचे सगळे आकडे २० टनी मशीनचे आहेत. तुमचं लाँग बूम असेल तर लांब आर्ममुळे कडेवरचा भार वेगळा पडतो, उचलायची ताकदही कमी असते आणि वर सांगितलेली बकेट टेकवून उचलायची रीत त्याला वापरू नका.

आणि पार्टीशी तोंडी बोलू नका. वर्क ऑर्डरमध्ये तीन ओळी घालून घ्या: प्लेटा आणि स्लीपर पार्टीचे; जमीन मऊ वाटली तर ऑपरेटर मशीन थांबवेल आणि तो वेळ आयडलिंगच्या (उभ्या मशीनच्या) दराने मोजला जाईल; मशीन रुतलं तर काढायचा खर्च, पंप आणि दुसऱ्या मशीनसकट, पार्टीचा. सही करायला नकार आला तर ट्रेलर मागवू नका.